खरे

नेरुळला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या गाळ्यात जाताना
जे गुडघे जिन्यावर कुरकुरतात
ते उतरताना गप्प असतात.
एवढाच पुरावा माझ्याकडे आहे.
साखर होती तेवढीच. चष्म्याचा नंबरही.
डॉक्टरांची गोळी मी सोडलेली नाही, ती सोडू देत नाही.
"गोली ती गोली, अंगठा तो अंगठा,"
म्हणते मंजुळा तांडेल
आणि माझा उजवा पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेते,
बाजारात सुरमई उचलून पाहावी तसा,
हिशेबानं.

भिंतीवर तळव्यांचा रंगीत तक्ता.
करंगळीखाली कान, चवड्यात फुप्फुसं,
खळग्यात आतडी, आतल्या कडेनं मणका.
प्रत्येकाला हद्द, प्रत्येकाला नंबर.
मला तो पाहिल्याबरोबर आवडला नाही.
एकोणतीस वर्षं मी असलेच कागद रंगवले:
पिवळं म्हणजे घरं, निळं म्हणजे दुकानं,
आणि मिठागरं होती तिथे
पेन्सिलीच्या बारीक तिरक्या रेषा,
म्हणजे, पुढे बघू.

पहिल्या दिवशी टाचेच्या वर अंगठा रोवला
आणि मी ओरडलो.
"खरे हान," ती म्हणाली.
मला वाटलं, सत्याबद्दल बोलतेय.
मग आठवलं, हिच्या बोलीत ड चा र होतो.
नोकरीच्या पहिल्या वर्षी, मोजणीला गेलो तेव्हा,
बांधावर एक म्हातारा सांगत होता,
"ह्या झार माजा, त्या झार माजा,"
आणि मी वहीत लिहिलं होतं:
झाडे, नग दोन.

कातडीखाली काहीतरी कचकचतं, जाड्या मिठासारखं.
तिचा अंगठा सुरवंटासारखा पुढे पुढे सरकत
ते चुरडत जातो.
दुखणं आधी पांढरंशुभ्र, मग कोमट,
मग पोटरीपाशी कुठेतरी विरघळतं
आणि मला जांभई येते,
लाजिरवाणी, डोळ्यांत पाणी आणणारी.

जावई म्हणतो, मनाचे खेळ.
असतील.
मनालाही टेकायला पाय लागतातच.
शनिवारी रात्री मी कूस न बदलता झोपतो.
रविवारी फरशीचा गारवा तळव्यांना कळतो,
मधली काही वर्षं कळत नव्हता.
आणि बायको म्हणते, हल्ली तुम्ही दार हळू लावता.

बापाच्या पायांबद्दल ती एकदाच बोलली.
मिठागरात उभं राहून टाचा उललेल्या,
रात्री आई काशाची वाटी घासायची तेल लावून,
वाटीखाली तेल काळं पडेपर्यंत.
"तवा तक्ता नव्हता. दुखल तय दाबाचा."
"कुठलं मिठागर?"
तिनं खिडकीकडे हनुवटी केली.
शाळा. पेट्रोलपंप. बत्तीस मजले.
तिरक्या रेषा मला ओळखता आल्या.

नोकरीत मी काय करत होतो, तिनं कधी विचारलं नाही.
मागच्या शनिवारी मीच सांगितलं,
पाय तिच्या मांडीवर असताना,
म्हणजे पळून जाता येणार नाही अशा वेळी.

अंगठा थांबला.
खाली यंत्र एकामागून एक प्रती काढत होतं.
मग डाव्या तळव्यावर,
तक्त्यात जिथे नंबर नाही अशा जागी,
तिनं दाबलं. जोर न वाढवता. न कमी करता.
"इथं?"
"हो," मी म्हणालो. "तिथेच."
"खरे हान. जातीन. पन एका दिसाचा काम नाय."

मग नेहमीसारखं तिनं गरम पाणी दिलं,
पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांसकट.
माझ्याकडे सुटे नव्हते.
वीस रुपये राहिले द्यायचे.